घरातली कागदपत्रं अशी लावा की शोधाशोध बंद होईल

जून आला की कितीतरी घरांत तेच चालू असतं, ॲडमिशनची शेवटची तारीख उद्यावर आलेली, शाळा सोडल्याचा दाखला सापडत नाहीये, कपाटातलं सगळं पलंगावर आलंय, एकजण गादी उचलून बघतोय, दुसरी देव्हाऱ्याखालचा खण उपसतेय आणि "मी इथेच ठेवला होता, कुणी हलवला?" यावरून वाजलेलं असतं. बहुतेकदा दाखला सापडतो शेवटी. पण एक अख्खी संध्याकाळ जाते, सगळ्यांचं डोकं तापतं, आणि हे काही फक्त जूनमध्ये होत नाही, बँकेची केवायसी आली, गाडीचा इन्शुरन्स संपला, कुणाला हॉस्पिटलमध्ये भरती करायची वेळ आली की पुन्हा तेच.

घर आवरायचं म्हटलं की सगळेजण कपड्यांपासून नाहीतर माळ्यापासून सुरुवात करतात. मी म्हणेन कागदांपासून करा. कपड्यांचा पसारा डोळ्याला खुपतो एवढंच, कागद सापडला नाही तर काम अडतं, पैसे अडकतात, आणि माणूस घाबरतो. शिवाय कागदांना नवीन कपाट लागत नाही की सुतार लागत नाही, दोन रविवार आणि स्टेशनरीच्या दुकानातलं थोडं सामान एवढ्यात काम होतं.

आवरून झालं की नाही हे कसं ओळखायचं? घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला, कुणालाही फोन न लावता, हवा तो कागद दोन-तीन मिनिटांत काढता आला पाहिजे. यातला "कुठल्याही" हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत सगळे कागद एकाच माणसाला माहीत असतात, बहुतेक वेळा बाबांना नाहीतर नवऱ्याला, आणि तोच माणूस आजारी पडला की नेमकी त्याच दिवशी सगळ्यात जास्त कागदांची गरज पडते. खाली जे काही लिहिलंय ते सगळं हीच एक गोष्ट डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय.

पहिला रविवार, फक्त गोळा करायचं

हॉलमध्ये सतरंजी टाका आणि घरातला प्रत्येक कागद तिच्यावर आणा. कपाटाच्या लॉकरमधले तर येतीलच, पण गादीखाली, देव्हाऱ्याच्या खणात, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पर्समध्ये, लग्नाच्या अल्बमच्या पिशवीत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, ऑफिसच्या जुन्या बॅगेत, गाडीच्या डिकीत, फ्रीजवर, सगळीकडे बघा. बँकेत लॉकर असेल तर त्यात कुठले कागद आहेत तेही आठवून लिहून ठेवा.

गोळा करताना वाचत बसायचं नाही, हे मनाशी पक्कं करा. आजीची पत्रं निघतात, शाळेतले ग्रुप फोटो निघतात, आणि दुपार तिथेच संपते. त्यांच्यासाठी एक वेगळा खोका घ्या, त्यावर "आठवणी" लिहा आणि बाजूला ठेवा, त्याला नंतर एक वेगळी निवांत दुपार द्या, त्या गोष्टींना ती द्यायलाच हवी.

आणि हे काम दिवाळीच्या सफाईत अजिबात काढू नका. तेव्हा सगळे दमलेले असतात, रद्दीवाला दारात उभा असतो, आणि त्या घाईत महत्त्वाचा कागद रद्दीत जातो. एप्रिल-मे सगळ्यात चांगला, मुलं घरी असतात, त्यांनाही सोबत बसवता येतं, आणि ॲडमिशनच्या आधी काय कमी आहे ते कळतं.

पिशव्या माणसांच्या करा

बऱ्याच घरांत सगळ्यांची आधार कार्डं एका फायलीत, सगळ्यांच्या मार्कशीट दुसऱ्या फायलीत अशी मांडणी असते. दिसायला नीटनेटकी असते पण वापरताना गैरसोयीची, कारण काम नेहमी एका माणसाचं असतं. मुलीची ॲडमिशन आहे, तिला जन्माचा दाखला, एलसी, मार्कशीट, जातीचा दाखला, आधार असं सगळं एकदम लागतं, ते पाच फायलींतून उपसायचं आणि मग पाच ठिकाणी परत ठेवायचं, ते परत ठेवणं कधी होतच नाही. म्हणून प्रत्येक माणसाची एक बटणवाली प्लास्टिकची पिशवी करा, वर मार्करने मोठ्या अक्षरात नाव. काम निघालं की पिशवीच उचलायची.

प्रत्येकाच्या पिशवीत जन्माचा दाखला, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीपासूनच्या मार्कशीट आणि डिग्री, जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र), डोमिसाइल (म्हणजे महाराष्ट्रात राहत असल्याचा दाखला), लग्नाचा दाखला, नोकरीच्या ऑर्डरी. प्रत्येकाकडे हे सगळं नसणारच, पण काय नाहीये हे कळणं हेही या कामातलंच आहे.

आता पिशवी बंद करायच्या आधी एक गोष्ट कराच. त्या माणसाचे सगळे कागद शेजारी शेजारी मांडा आणि नावाचं स्पेलिंग, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख जुळवून बघा. आधारवर एक स्पेलिंग, मार्कशीटवर दुसरं, पॅनवर मधलं नावच नाही, हे फार कॉमन आहे, आणि ते नेमकं पासपोर्टच्या किंवा पीएफ काढायच्या वेळी लक्षात येतं. आज लक्षात आलं तर हातात वेळ असतो. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईघाईत जाऊन काहीतरी बदलून येऊ नका, आधी घरात ठरवा की कुठला कागद खरा धरायचा, बहुतेक वेळा दहावीची मार्कशीट किंवा जन्माचा दाखला, आणि मग बाकीचे त्याच्याशी जुळवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर हे आणखीच गुंतागुंतीचं होतं, अर्धे कागद माहेरच्या नावाचे, अर्धे सासरच्या. लग्नाचा दाखला आणि राजपत्रात नाव छापून आणलं असेल तर त्याची प्रत, या दोन गोष्टी कायम पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

लहान मुलं असतील तर त्यांच्या जन्माच्या दाखल्यावर नाव चढलंय का बघा. हॉस्पिटलमधून नोंद होते तेव्हा नाव ठरलेलं नसतं, दाखला बिननावाचा येतो आणि तसाच राहतो, नाव घालायला पंधरा वर्षांपर्यंत मुभा असते पण जितकं लवकर तितकं सोपं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा मुख्य पुरावा जन्माचा दाखलाच आहे, शाळेलाही आणि पासपोर्टलाही. आणि मुलांचं आधार वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक अपडेट करावं लागतं, हे राहून गेलं की नेमकं परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी आधार अडतं.

माणसांच्या पिशव्या झाल्या की चार-पाच पिशव्या बिनमाणसांच्या. घर, गावची जमीन, पैसे, तब्येत, गाड्या.

घराच्या पिशवीत ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (म्हणजे रजिस्ट्रेशन झालेल्या व्यवहाराचा उतारा), स्टँप ड्युटीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पझेशन लेटर, घरपट्टीची शेवटची पावती. होम लोन चालू असेल तर ओरिजिनल ॲग्रीमेंट बँकेकडे असतं, मग बँकेने कुठले कुठले कागद घेतलेत त्याची यादी तुमच्याकडे पाहिजे, नसेल तर मागून घ्या. लोन फिटलं की हे कागद ३० दिवसांच्या आत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं, लोन संपल्याच्या आनंदात कागद आणायचे राहतात.

जमिनीच्या पिशवीत सातबारा, आठ अ (म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार (म्हणजे मालकी बदलल्याची नोंद), जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, मोजणीचा नकाशा. डिजिटल सहीचा सातबारा आता महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयांत घरबसल्या निघतो, त्यासाठी तलाठ्याकडे जायची गरज नाही, म्हणून त्याच्या जुन्या प्रतींचे गठ्ठे सांभाळू नका. पण जुनी खरेदीखतं, हाताने लिहिलेले फेरफार, मोडीतले कागद असतील ते जिवापाड जपा. आणि वर्षातून एकदा तरी सातबारा काढून नीट वाचा, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी त्यांचंच नाव, वारस नोंदच झालेली नाही, असं अनेक घरांत निघतं.

तब्येतीची पिशवी ही एकच अशी आहे की जी कपाटात आत ठेवायची नाही, दाराजवळ किंवा सहज हाताला येईल अशी टांगायची. त्यात मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसीचं पहिलं पान, आयुष्मान कार्ड असेल तर ते, रेशन कार्डाची झेरॉक्स, प्रत्येकाचा रक्तगट, चालू गोळ्यांची नावं डोससकट, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे, सगळ्यात नवीन वर. रेशन कार्ड मुद्दाम सांगतेय, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे आणि तिथे रेशन कार्ड आणि ओळखपत्र विचारतात. मेडिक्लेम असेल तर इमर्जन्सीत भरती केल्यावर बहुतेक पॉलिसींना २४ तासांत कळवावं लागतं, तो फोन नंबर पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटवूनच टाका. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला वेबसाइट शोधता येत नाही.

गाड्यांचं सोपं आहे, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, सर्व्हिसची बिलं, दुसरी किल्ली.

काय टाकायचं आणि काय चुकूनही टाकायचं नाही

इथे मात्र घाई नको. बिनधास्त टाकता येणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, एटीएमच्या स्लिपा, संपलेल्या वॉरंटीची कार्डं, विकलेल्या मिक्सरचं बिल, जुन्या कंपन्यांची माहितीपत्रकं, जाहिराती, बँकेची छापील स्टेटमेंट जी ऑनलाइन मिळतात. टॅक्स रिटर्न आणि त्याचे पुरावे सात-आठ वर्षांचे ठेवा, त्याआधीचे काढले तरी चालतील, पण घर, शेअर किंवा सोनं खरेदी केल्याची बिलं कितीही जुनी असली तरी ठेवायची, विकताना नफा काढायला मूळ किंमत लागते.

लाईट बिलांबद्दल लोक विचारतात. मागच्या वर्षभराची ठेवा आणि त्याआधीच्या प्रत्येक वर्षाचं एक ठेवा. डोमिसाइलच्या दाखल्याला साधारण १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा मागतात, तेव्हा हे एकेक बिल फार उपयोगी पडतं, भाड्याच्या घरात राहिलेल्यांना तर जुनी भाडेकरारपत्रं पण.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जुना जन्म-मृत्यूचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, जुनी महसुली नोंद, असं काहीही पिवळं पडलेलं, चुरगळलेलं निघालं तर ते सोन्यासारखं जपा. जात पडताळणीला ठराविक वर्षाच्या आधीचा पुरावा मागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी १९६१, ओबीसींसाठी १९६७. घरातल्या एका माणसाची व्हॅलिडिटी झाली की वडिलांकडच्या बाकी नातेवाईकांचं काम सोपं होतं, म्हणून काका-आत्यांच्या व्हॅलिडिटीच्या झेरॉक्स पण याच गठ्ठ्यात ठेवा. माळा साफ करताना असे कागद रद्दीत गेल्यामुळे पुढच्या पिढीला शाळाशाळांतून, तहसीलमधून फिरावं लागलेलं मी जवळून बघितलंय, त्यामुळे ज्याच्याबद्दल शंका आहे तो कागद टाकायचा नाही, "बघू" असं लिहिलेल्या पिशवीत ठेवायचा आणि घरातल्या ज्येष्ठांना दाखवायचा.

जे टाकायचं ते फाडून टाका. आधारची झेरॉक्स, सही असलेला चेक, पॅन नंबर असलेला कागद आख्खाच्या आख्खा रद्दीत देऊ नका.

ठेवायचं कसं

ओरिजिनल कागद लॅमिनेट करू नका, हे कितीही सांगितलं तरी कमीच. लॅमिनेट केलेल्या मार्कशीटच्या मागे शिक्का मारता येत नाही, परदेशी जायच्या वेळी अटेस्टेशनला त्रास होतो, आणि ते प्लास्टिक काढायला गेलं की कागद फाटतो. साधी पारदर्शक पॉकेटवाली फाईल पुरते.

स्टेपलरच्या पिना आणि टाचण्या काढून टाका, पावसाळ्यात गंजतात आणि कागदाला भोक पाडतात. रबर बँड पण नको, उन्हाळ्यात वितळून चिकटतात. दुकानातली बिलं ज्या गुळगुळीत कागदावर येतात ती वर्षभरात कोरी होतात, तेव्हा फ्रीज, टीव्ही, फोन यांचं बिल आणलं की त्याच दिवशी फोटो काढा किंवा झेरॉक्स काढून जोडा.

ठेवायची जागा बाहेरच्या भिंतीला लागून नको, तिथे ओल येते, आणि लाकडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात तर अजिबात नको, वाळवी आणि पाणी दोन्ही तिथूनच सुरू होतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात पूर आला, २०२१ ला चिपळूण-महाडमध्ये, आणि प्रत्येक वेळी लोकांच्या धान्या-भांड्यांबरोबर कागदपत्रंही गेली. नदीकाठी, सखल भागात किंवा तळमजल्यावर राहत असाल तर सगळ्या पिशव्या एकाच हँडलवाल्या बॅगेत बसतील असं बघा, ती बॅग डोक्याच्या उंचीवर ठेवा, आणि जून ते सप्टेंबर आतल्या पिशव्या झिपलॉकमध्ये. घर सोडायची वेळ आली तर एक बॅग उचलायची, बस.

फोनमध्ये काय

दुसऱ्या रविवारी स्कॅन. फोनच्या साध्या स्कॅनर ॲपने होतं, दुकानात जायची गरज नाही. फक्त फाईलला नाव नीट द्या, आधी माणूस, मग कागद, मग वर्ष, म्हणजे "आई पॅन", "रोहन दहावी मार्कशीट २०२२". नुसत्या आकड्यांच्या नावाच्या दोनशे फायली असल्या काय नि नसल्या काय, सारख्याच.

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं फोनवर ठेवायचं सरकारी ॲप, घरातल्या प्रत्येकाचं उघडा. त्यात एक फरक समजून घ्या. आपण फोटो काढून चढवलेला कागद हा फक्त आपल्या सोयीसाठी असतो, पण सरकारी खात्याकडून थेट आलेला, म्हणजे "इश्यूड" मध्ये दिसणारा कागद कायद्याने ओरिजिनलच्या बरोबरीचा धरतात. लायसन्स, आरसी, पॅन, राज्य बोर्डाच्या मार्कशीट हे सगळं तिथे मिळतं. ट्रॅफिक पोलिसांना डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं, गॅलरीतला फोटो चालत नाही.

डिजिलॉकर आधारला जोडलेल्या मोबाईल नंबरवर चालतं, तर तो नंबर आज चालू आहे का बघा. आईचं आधार मोठ्या मुलाच्या बंद पडलेल्या नंबरला जोडलेलं असतं आणि ओटीपी कुठे जातो कुणालाच माहीत नसतं, हे दुरुस्त करायला आधार केंद्रावर स्वतः जावं लागू शकतं, मग आईला बरं असताना घेऊन जा.

फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार-पॅनचे फोटो टाकून ठेवू नका, मला कळतं की ते सोयीचं वाटतं, पण तो फोटो किती फोनमध्ये जातो याचा पत्ता लागत नाही. हॉटेल, लॉज, कुरिअर असल्या ठिकाणी मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून फुकट डाउनलोड होतं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, कशासाठी दिली आणि तारीख.

तो एक कागद

इथपर्यंतचं काही जमलं नाही तरी चालेल पण हे कराच. एक कोरा फुलस्केप घ्या आणि त्यावर लिहा की घरातले पैसे आणि जबाबदाऱ्या कुठे कुठे आहेत. कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत कुणाचं खातं आहे, एफडी कुठे, पोस्टात काय आहे, एलआयसीच्या पॉलिसी नंबर आणि हप्त्याच्या महिन्यासकट, पीएफचा यूएएन (म्हणजे खात्याचा कायमचा नंबर), म्युच्युअल फंड, डीमॅट, लॉकर कुठे आणि किल्ली कुठे, कुणाकडून येणं आहे, कुणाचं देणं आहे, लोन कुठलं चालू आहे, सीए किंवा एजंटचा फोन. पासवर्ड आणि पिन यावर लिहायचे नाहीत.

आणि प्रत्येक ओळीपुढे नॉमिनी कोण ते. ही ओळ लिहायला लागलात की खरं चित्र समोर येतं. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचंच नाव, एका एफडीवर नॉमिनीच नाही, एका पॉलिसीवर जे वारले त्यांचं नाव. पीएफचं तर लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर चालतच नाही, नवीन भरावं लागतं, ते आता ऑनलाइन होतं. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. हे लक्षात ठेवा की बहुतेक ठिकाणी नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालकी शेवटी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांची. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं.

दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या खात्यातले पैसे बँकेला रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा करावे लागतात. ते बुडत नाहीत, दावा केला की मिळतात, आणि २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे त्यावर नाव टाकून अनेक बँकांतल्या अशा ठेवी शोधता येतात. वडिलांच्या, आजोबांच्या नावाने एकदा शोधून बघा, बदलीच्या गावी उघडलेली खाती अशीच विसरली जातात.

हा कागद लिहिताना नवरा-बायको दोघांनी बसायचं, एकाने लिहून दुसऱ्याला "हा बघ, इथे ठेवलाय" एवढं सांगून भागत नाही. जिला आजवर बँकेचं काही बघायची वेळच आली नाही तिच्या हाताने लिहून घ्या, लिहिताना ती प्रश्न विचारते, आणि त्यातच सगळं कळतं. अशा अचानक एकट्या पडलेल्या बायका मी पाहिल्यात ज्यांना दुःखात असताना पासबुक कुठलं कशाचं हे लोकांना विचारत फिरावं लागलं. हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं, आणि त्यासाठी फक्त एक दुपार लागते.

कागदाच्या दोन प्रती करा, एक पैशांच्या पिशवीत, एक विश्वासातल्या माणसाकडे. वरती तारीख घाला. दरवर्षी पाडव्याला किंवा एक एप्रिलला काढून दुरुस्त करायचा.

तारखा

मुदत असलेला प्रत्येक कागद हातात आहे तोवरच त्याची तारीख कॅलेंडरवर टाका, फोनवर पण आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पण, कारण घरातले मोठे भिंतीवरचंच बघतात. मुदतीच्या दिवशी नाही, महिना-दोन महिने आधी. नॉन क्रिमी लेयरचा दाखला (आरक्षणासाठी उत्पन्न मर्यादेत असल्याचा) ३१ मार्चला संपतो, नोकरदारांचं रिटर्न साधारण ३१ जुलैपर्यंत, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, तो आता फोनवर चेहरा दाखवूनही होतो. लायसन्स संपल्यापासून वर्षाच्या आत रिन्यू केलं नाही तर परत टेस्ट द्यावी लागते. पासपोर्टची मुदत संपायच्या नऊ-दहा महिने आधीची नोंद टाका, कारण कितीतरी देशांना सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट लागतो.

तहसीलचे दाखले जून-जुलैमध्ये काढायला जाऊ नका. तेव्हा सेतूत आणि महा ई-सेवा केंद्रावर रांगा असतात, सर्व्हर बसतो, सगळे चिडलेले असतात. उत्पन्नाचा, नॉन क्रिमी लेयरचा दाखला नवीन आर्थिक वर्ष लागलं की एप्रिल-मेमध्येच आपले सरकार पोर्टलवर अर्ज करून मोकळे व्हा. मूल अकरावी-बारावीत सायन्सला असेल आणि पुढे सीईटी द्यायची असेल तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमधूनच वेळेत भरा, निकालानंतर धावाधाव करून ते मिळत नाही.

टिकवायचं कसं

दारापाशी एक ट्रे, घरात येणारा प्रत्येक कागद आधी त्यात. महिन्यातून एकदा, पगाराच्या आसपास, तो ट्रे रिकामा करायचा. एवढं चालू राहिलं की मोठी आवराआवर परत काढावी लागत नाही.

ओरिजिनल घराबाहेर गेलं की त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची, काय नेलं, कुणी, कुठे, कधी. कॉलेजात जमा केलेल्या ओरिजिनल एलसी आणि मार्कशीट वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात, चिठ्ठी असली की आठवण राहते. प्रत्येकाच्या पिशवीत आधार-पॅनच्या चार-पाच झेरॉक्स आणि आठ-दहा पासपोर्ट फोटो तयार ठेवा, संपले की पुढच्या वेळी बाहेर जाताना भरून आणायचे.

आईबाबा गावी आणि तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असाल तर हे त्यांच्याकडचंही करायला लागेल, आणि ते जरा नाजूक आहे. मुलगा आला आणि थेट जमिनीचे कागद मागायला लागला असं त्यांना वाटता कामा नये. गणपतीत किंवा दिवाळीत सगळी भावंडं एकत्र असतील तेव्हा सगळ्यांसमोर विषय काढा, आणि सुरुवात तब्येतीच्या पिशवीपासून करा, गोळ्या, रिपोर्ट, मेडिक्लेम, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग आधारचा मोबाईल नंबर, मग पेन्शन आणि बँकेचे नॉमिनी. तुमचे स्वतःचे कागद, तुमचा तो फुलस्केप आधी त्यांना दाखवा. जमिनीच्या कागदांना त्यांनीच हात घालू द्या, ते एकेक कागद काढून सांगायला लागतील की ही विहीर कधी पाडली, हा तुकडा कुणाकडून घेतला, ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण फेरफारात ते सगळं नसतं. एका भेटीत सगळं होणार नाही. पहिल्या खेपेला तब्येत आणि बँक एवढंच घ्या, सातबारा पुढच्या खेपेला.